ओढ्यापलीकडची मोकळी जागा

लोक विचारतात, तू नगरपालिकेत नेमकं करतेस काय? मी सांगते, गावाचा नकाशा करते. "म्हणजे रस्ते काढतेस?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. रस्ते काढत नाही हो, रस्ते जिथं आहेत तिथं आहेत, एवढं लिहून ठेवते. हे ऐकलं की समोरच्याचा चेहरा पडतो. आहे ते आहे म्हणायला पगार कशाला, असं त्याच्या मनात येतं आणि तो ते लपवतही नाही. पूर्वी मी यावर हमरीतुमरीवर यायची. आता येत नाही. आहे ते आहे असं लिहितानाच माझ्या हातून जी चूक झाली, तिनं माझा तोरा उतरवला.

गाव बारामती-इंदापूरच्या टापूतलं आहे, एवढं सांगितलं तरी पुरे. माझं माहेर शेळगाव. नवरा वालचंदनगरला नोकरीला, रोज जाऊन येऊन करतो. घरी सासू-सासरे आणि कालव्याखालची दीड एकर, त्यात भाजीपाला. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. आत्यांच्या तोंडाचा पट्टा सकाळी चूल पेटायच्या आधी चालू होतो, आणि त्याचा निम्मा मारा मामांवर. चप्पल इथं का काढली, पाणी तिथं का सांडलं. मामा दिवसाला मोजून दहा शब्द बोलतात, त्यातले सहा गाईशी. मला वाटायचं, एकाला बोलल्याशिवाय करमत नाही आणि एकाला ऐकल्याशिवाय, तर चाललंय ते बरंच आहे.

नगरपालिकेनं गावाचा नकाशा सगळ्यांना मोबाईलवर बघता येईल असा करायला घेतला तेव्हा मला कंत्राटावर घेतलं. नकाशा म्हणजे एक चित्र नसतं. ड्रोननं वरून काढलेला गावाचा फोटो तळाला, आणि त्याच्यावर पारदर्शक कागद ठेवत जावेत तसे एकेक थर. रस्त्यांचा एक, पाण्याच्या पाइपांचा एक, गटारांचा, दिव्याच्या खांबांचा, घरांचा, झाडांचा. आमच्या भाषेत लेअर. हवा तो लावायचा, नको तो काढायचा. त्यातला एक थर मोकळ्या जागांचा. जिथं घर नाही, शेत नाही, देऊळ नाही, कुणाचं काही नाही, अशी पालिकेची जमीन. हा थर माझ्याकडे होता.

कामाची रीत अशी की आधी फोटोवरून संगणकावर जागेची हद्द आखायची, मग स्वतः तिथं जायचं, चारी कोपरे पायाखाली घालायचे, आत काय आहे ते बघायचं, आणि परत येऊन एका चौकटीत बरोबरची खूण करायची: प्रत्यक्ष पाहणी केली. सगळा जीव त्या खुणेत. फोटोत वरून चिंच आणि आंबा सारखाच दिसतो, उकिरडा आणि मुरमाचा ढीग सारखाच दिसतो. माणूस जाऊन आला म्हणूनच नकाशावर विश्वास ठेवायचा.

ओढ्याच्या पलीकडं, जुन्या वीटभट्टीच्या मागं, जमिनीचा एक तुकडा आहे. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात आत्यांनी मला रान दाखवायला नेलं होतं. ओढ्याच्या पुलावर थांबून त्या म्हणाल्या, "त्या अंगाला जाऊ नगंस."

"का वं आत्या?"

"लेकुरवाळीनं आन् पोटुशीनं तितं पाय टाकू ने. न्हाय जायाचं म्हंजी न्हाय."

शेळगावातही अशी एक बाजू होती. बहुतेक गावांत असते. अगदी लहान मूल गेलं तर त्याला अग्नी देत नाहीत, मूठमाती देतात, हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणाले तर ते खोटं होईल. पण ती जागा नेमकी हीच, असं मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. असल्या गोष्टी आपल्याकडं विचारत नाहीत. वळसा घालून जायला शिकतात.

पाहणीला त्या बाजूला गेलो तेव्हा मला पाचवा महिना होता. सोबत माझा सहकारी, याच गावचा, मोजणीचं यंत्र खांद्यावर घेतलेला. पुलाच्या अलीकडं आम्ही दोघंही थांबलो. मी म्हटलं, "हितनं दिसतंय की सगळं." तो म्हणाला, "व्हय, बाभळी हायेत नुसत्या." त्यानं यंत्र खांद्यावरून उतरवलंसुद्धा नाही. मी डिग्री घेतलेली बाई, माहेरी असताना मांजर आडवं गेलं म्हणून थांबणाऱ्या थोरल्या चुलतीची टिंगल करणारी. पण त्या दिवशी पोटावर हात ठेवून उभी राहिले आणि पाय काही उचलला नाही. बाहेरगावचा कुणी असता तर बेधडक आत गेला असता आणि दोन मिनिटांत त्याला सगळं दिसलं असतं. आम्ही गावचे होतो, म्हणून गेलो नाही. ऑफिसात येऊन मी फोटोवरून हद्द आखली, प्रकार या रकान्यात "मोकळी जागा" निवडलं आणि पाहणीच्या चौकटीत खूण केली.

पुढं मुलगी झाली. पहिले बारा दिवस आत्यांनी पाळण्याजवळून हलायचं नाव घेतलं नाही. अकराव्या दिवशी तर त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही, तोंडाचा पट्टा बंद, नुसत्या बाळाच्या छातीकडं बघत बसलेल्या. मी वैतागून म्हटलं, "आत्या, वारं तरी लागू द्या तिला." बाराव्या दिवशी बारसं झालं, नाव ठेवलं, आणि त्या मोरीत जाऊन तोंड धुऊन आल्या. डोळे लाल दिसले. चुलीच्या धुरानं असतील असं समजून मी सोडून दिलं. चूल त्या दिवशी पेटवलेली नव्हती, स्वयंपाकाला आचारी होते.

मी कामावर परत गेले आणि काही महिन्यांनी नकाशा प्रसिद्ध झाला. हरकतींना एक महिन्याची मुदत. गावात दुसरा विषय नव्हता. चावडीवर, दूध डेअरीवर, सलूनमध्ये, जो तो मोबाईल पुढं धरून आपलं घर शोधत होता. माझा गोठा घरात का धरला, शेजाऱ्याचा ओटा रस्त्यात आलाय तो का दाखवला नाही, असल्या हरकतींचा ढीग आला. माझ्या मोकळ्या जागांवर मात्र एकही हरकत नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, काम असं असावं. मी दोन दिवस मान ताठ करून फिरले. ज्यांना बोलायला पाहिजे होतं ते कधीच बोलणार नव्हते, हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

मग भुयारी गटाराची योजना आली. सगळ्या गावाचं मैलापाणी एका ठिकाणी आणून पुढं ढकलायला पंपघर बांधायचं होतं, आणि त्यासाठी ओढ्याजवळ, घरांपासून लांब, पालिकेची मोकळी जागा पाहिजे होती. योजना करणाऱ्यांनी माझा थर उघडला आणि त्यांना हवी तशी जागा आयती सापडली. मला ती बातमी ऑफिसात कळली. आनंद झाला, खोटं कशाला सांगू. आपलं काम कुणाच्या तरी उपयोगी पडलं असं वाटलं.

संध्याकाळी जेवताना मी घरात सांगितलं, "ओढ्यापलीकडची ती जागा हाय ना, मोकळी, तिथं आता पंपघर होणार. दहा-बारा दिवसांत खड्डा घेऊन बघणार हायेत."

मामांचा घास हातात राहिला. त्यांनी तो ताटात ठेवला, हात धुतला आणि गोठ्याकडं निघून गेले. नवरा माझ्याकडं बघायला लागला, मी त्याच्याकडं. त्यालाही काही माहीत नव्हतं. ताटात अर्धी भाकरी टाकून उठल्याबद्दल एरवी आत्यांनी मामांची सालटी काढली असती. त्या दिवशी त्यांनी मुकाट्यानं ताट उचललं.

सकाळी मी चुलीपाशी गेले तेव्हा आत्या भाकरी थापत होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तितं माजी लेक हाय."

मला आधी कळलंच नाही. लेक म्हणजे नणंद, आणि मला नणंद नाही.

"तुज्या नवऱ्याच्या आदी झालती. अकरा दिवसांची व्हती. बारसं उद्याच्याला व्हतं. साकर आणून ठिवलीती." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वर पाणी फिरवलं. "सकाळी पाजाया घेतलं तर गार. ह्यांनी आन् ह्यांच्या भावानं नेलं फडक्यात गुंडाळून. संगट मीठ नेलं. बायका जात न्हाईत. मी हितं दारात बसली व्हती. दूध वाहत व्हतं."

मी खाली बसले.

"कुठं ठिवली, कंदी सांगितलं न्हाय त्येंनी. म्या बी इचारलं न्हाय. मला म्हायती हाय त्ये अंग, पर जागा ठावं न्हाय." भाकरी करपायला लागली होती, त्यांनी ती उलटली. "तुज्या सायबाला काय सांगायचं त्ये सांग. पर खणायच्या आदी मला माज्या लेकीची जागा दावा. यवडंच."

एवढ्या वर्षांच्या संसारात आत्यांनी कुणाकडं काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. त्या मागत नसत, सुनावत. त्यांनी मागितलं ते माझ्याकडं, आणि ती जागा मोकळी आहे असं सगळ्या गावाला सांगणारी मीच. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. आचारी स्वयंपाक करत होते त्या दिवशीचे त्यांचे लाल डोळे आठवले, आणि "वारं लागू द्या" म्हणणारी मी.

ऑफिसात गेले आणि साहेबांसमोर उभी राहिले. साहेब मराठवाड्यातले, माणूस कामाला कडक पण ऐकून घेणारा. त्यांनी संगणकावर ती जागा उघडली.

"पाहणीची खूण आहे इथं. तुमचीच ना?"

"माझीच."

"मग आत काय दिसलं होतं?"

"आत गेले नव्हते, सर."

त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर पुढं ओढलं. मग म्हणाले, "मॅडम, हरकतीची मुदत संपली. आता फक्त तुमच्या तोंडी शब्दावर मला जागा बदलता येणार नाही. फेरपंचनामा करू. पण त्यासाठी लोकांचे जबाब लागतील. तिथं माझ्या घरचं कुणी आहे, असं सही करून सांगणारे. खड्डा घ्यायला माणसं पुढच्या सोमवारी येतायत. त्याच्या आत आणा."

मी जबाबाचे कागद छापून घेतले आणि गावात फिरले. तीन दिवस फिरले. ज्या घरात गेले तिथं चहा मिळाला, मुलीची चौकशी झाली, आणि कागद पुढं केला की सगळं थंड. एका बाईनं "दूध उतू चाललंय" म्हणून आत जाऊन दाराला कडी लावली. एका घरी पुरुषमाणूस रागावून म्हणाला, "असलं काय घरात बोलत न्हाईत आमी, तुमी कागुद घिऊन आलाय." गल्लीतले सगळ्यात वडीलधारे एक आबा आहेत, त्यांना वाटेत गाठलं. त्यांनी कागद लांब धरून वाचला आणि 'मयताचे नाव' असं छापलेल्या रकान्यावर बोट ठेवलं.

"पोरी, ज्येचं बारसंच झालं न्हाय त्येचं नाव काय लिवू?"

तो रकाना मी इतर फॉर्मवरून उचलून जसाच्या तसा छापला होता. आबांनी कागद नीट घडी करून माझ्या हातात दिला आणि काठी टेकत निघून गेले. तीन दिवसांत एक सही मिळाली नाही. शुक्रवार उजाडला होता.

घरी आले आणि रिकामे कागद कोनाड्यात टाकले. आत्यांनी ते बघितले. "आण हिकडं," म्हणाल्या. चष्मा लावला, माझ्याकडून पेन घेतलं आणि पायरीवर बसून सही केली. चौथीपर्यंत शिकलेली बाई, एकेक अक्षर कोरत लिहितात. नावाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, "बारसे उद्या होते." मग सगळे कागद भाजीच्या पाटीत खाली घातले, वर मेथीच्या जुड्या रचल्या आणि पाटी डोक्यावर घेऊन बाहेर पडल्या.

त्या काय करत होत्या ते मला नंतर दुसऱ्या बायकांकडून कळलं. त्या कागद काढतच नसत. मेथी द्यायला म्हणून बसत, पदरानं घाम पुसत आणि सांगत, "माजी अकरा दिवसांची व्हती." एवढंच सांगून गप्प. समोरची बाई आधी इकडं तिकडं बघे. मग घरात कुणी पुरुष नाही याची खात्री करून म्हणे, "माजा दीड म्हैन्याचा." किंवा नुसती बोटं दाखवे. त्यानंतर पाटीतून कागद निघे. मी उलटं केलं होतं, आधी कागद आणि मग माणूस.

रविवारी दुपारपर्यंत आत्यांनी सतरा जबाब आणले. सगळे बायकांचे, पुरुषाचा एकही नाही. त्यात एका बंगल्यातल्या बाईंची वळणदार सही होती आणि ऊसतोडीला आलेल्या एका बाईचा अंगठा होता. ती दूरच्या जिल्ह्यातली. मागच्या हंगामात तिचं मूल इथं गेलं, टोळीबरोबर तिला दुसऱ्या दिवशी पुढच्या फडावर जावं लागलं. या हंगामात परत आल्यावर तिला कुणाला विचारायचं ते कळत नव्हतं. नावाच्या रकान्यात बहुतेकींनी काही लिहिलं नव्हतं. दोघींनी मात्र नाव लिहिलं होतं, मनात ठरवलेलं, कुणालाच न सांगितलेलं. ते वाचून मला रडू आलं आणि मी ते आवरलंही नाही.

सोमवारी सकाळी फेरपंचनामा झाला. साहेब आले, सहकारी यंत्र घेऊन आला. मामा त्या रात्रीच्या जेवणापासून यावर काही बोलले नव्हते, पण सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ओट्यावर येऊन उभे राहिले. आत्या चप्पल घालून बाहेर आल्या. "बायका जात न्हाईत" असं कुणी म्हणेल म्हणून मी तयारीत होते. कुणी म्हणालं नाही.

पूल ओलांडला आणि मी पहिल्यांदा आत गेले. दहा पावलं टाकली नसतील तोच कळलं. बाभळींच्या मधे, गवतात, हातभर लांबीचे दगडांचे वेढे. काही मातीत खचलेले, काहींचे दोन-चार दगडच उरलेले, काही पावसानं पार पसरलेले. कडेला एकावर बाभळीच्या काट्यांच्या फांद्या टाकलेल्या होत्या, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. त्यांचा पाला अजून हिरवा होता. म्हणजे आठवडासुद्धा झाला नसेल. मी ज्या जागेला मोकळी म्हणून बसले होते तिथं गावातलं कुणीतरी चार दिवसांपूर्वी येऊन गेलं होतं. साहेबांनी पायातले बूट काढले आणि पुलाच्या कडेला ठेवून आले. त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

सहकारी कडेनं यंत्र लावत चालला. मी मामांच्या बरोबर मागं राहिले. ते मधेच थांबले आणि अगदी हळू म्हणाले, "पोरी, मला न्हाय ठावं."

"काय, मामा?"

"जागा. माती दिली की मागं वळून बगायचं नसतं. न्हाय बगितलं. पुन्यांदा आलोच न्हाय हिकडं." त्यांनी आत्यांकडं नजर टाकली. "हिला नगं सांगू."

आत्या पुढं उभ्या राहून आमची वाट बघत होत्या. मामा त्यांच्यापर्यंत गेले, इकडं तिकडं बघितलं आणि एका बाभळीच्या बुडाशी, जिथं तीन दगड होते, तिथं हात केला. "हितं. ह्या बाभळीच्या बुडाला."

आत्या खाली बसल्या. तिथलं गवत उपटलं, माती हातानं सारखी केली, दगड होते तसेच ठेवले. रडल्या नाहीत. बराच वेळ तळहात मातीवर ठेवून बसून राहिल्या. मग मामांकडं मान वर करून म्हणाल्या, "यवडी वरसं एकट्यानं वागवलंत तुमी."

मामांनी मान खाली घातली. एवढं ऐकून घेणं त्यांना किती जड गेलं असेल ते त्यांनाच माहीत. मला तिथून दूर जावंसं वाटलं. पण मी माझं काम केलं, त्या तीन दगडांपाशी उभं राहून जागेची नोंद घेतली, पालिकेसाठी नाही, आत्यांसाठी, माझ्या मोबाईलमधे.

खड्डा घ्यायला आलेली माणसं त्या दिवशी परत गेली. पंपघर वीटभट्टीच्या अलीकडं सरकलं. माझ्या थरातून तो तुकडा निघाला आणि आरक्षित जागांच्या थरात गेला. तिथं संगणकानं जागेचा प्रकार विचारला तेव्हा मी परत आत्यांकडं गेले. त्यांनी आणि बाकीच्या बायकांनी सांगितलं, नाव लिहू नका, सगळ्या गावाच्या मोबाईलवर कशाला, नुसतं खणू नका. म्हणून नकाशावर त्या जागेला हद्द आहे, नाव नाही. मला लेखी समज मिळाली. ती मी जपून ठेवली आहे. आता कुठल्याही जागेत मी आधी पाय टाकते, मग खूण करते, आणि कुणी गावचा माणूस वळसा घालून चालला तर का ते विचारते. लोकांना ते आवडत नाही.

पंधरा दिवसांनी नवा नकाशा प्रसिद्ध झाला. रविवार होता, आत्या ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या आणि मामा गोठ्यात होते. मी शेजारी बसून मोबाईलवर ती हद्द दाखवली. आत्यांनी बोट टेकवलं आणि नकाशा सरकून पार उसाच्या फडात गेला. "पळालं बग," त्या म्हणाल्या. मी परत आणून दिला. मग मी घेतलेली नोंद उघडली, ती बाभळ जिथं आहे तिथं टिंब. त्या बघत राहिल्या.

"ती बाभळ किती वर्साची आसंल गं?"

"मला काय कळतंय आत्या?"

"पंदरा. लई तर अठरा." त्यांनी मेथीची काडी मोडली. "तुजा नवरा चाळिशीला आला."

त्या रानात जन्म काढलेल्या बाईला झाडाचं वय कळणार नाही, असं मी आणि मामांनी कसं धरलं होतं कुणास ठाऊक. मी कसंबसं विचारलं, "मग तितं का न्हाय बोलला तुमी?"

"काय बोलायचं?" त्यांनी गोठ्याकडं बघितलं. मामा गाईच्या पाठीवरून हात फिरवत होते. "यवडी वरसं मला वाटायचं, ह्येनला जागा ठावं हाय आन् मला दावत न्हाईत. त्या रागात निम्मा जन्म गेला माजा. उठता-बसता बोललीया मी त्येनला. तितं त्येंचं तोंड बगितलं आन् कळलं, त्येनला बी ठावं न्हाय."

त्यांनी निवडलेली मेथी पाटीत टाकली.

"आता कशाचा राग धरू? मी दारात बसून रडली तरी. त्येनला तर रडाया बी कुणी दिलं न्हाय."